केसाएवढ्या पाटांतील द्रावण आणि शेतातील क्षार

जमिनीचा उतार पाहून पाणी कसे वाहील हे शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. पाट कोठून काढावा, बांध कोठे घालावा, वाफा किती लांब ठेवावा हे तो जमिनीच्या उतारावरून ठरवितो. परंतु प्रत्येक शेतात आणखी एक उतार असतो व तो डोळ्यांस दिसत नाही. जमिनीतील पाण्यात विरघळलेले खत व क्षार सर्वत्र सारख्या प्रमाणात नसतात. एका जागी त्यांचे प्रमाण जास्त, चार बोटांवर कमी आणि वितीभर अंतरावर नगण्य, अशी स्थिती असते. जास्त प्रमाणाकडून कमी प्रमाणाकडे जाणाऱ्या या बदलास द्रावणाच्या तीव्रतेचा उतार असे म्हणता येईल.

हा उतार नीट असला म्हणजे मुळास अन्न मिळते. तो बिघडला म्हणजे तेच खत बियाणे जाळते आणि तेच पाणी क्षार आणून मुळाशी ठेवते. कांद्याचे रोप वाफशावर असूनही मान टाकते, ठिबकखालील पीक पहिल्या हलक्या पावसानंतर अकस्मात पिवळे पडते, पेरणीबरोबर दिलेल्या युरियाने ओळीच्या ओळी नांग्या पडतात. या सर्व तक्रारींच्या मुळाशी बहुधा हाच अदृश्य उतार असतो. गेल्या पंचवीस वर्षांत शास्त्रज्ञांनी असा उतार हवा तसा घडविणारी व तो प्रत्यक्ष दाखविणारी लहानशी साधने तयार केली आहेत. त्यांची रचना समजून घेतली तर आपल्या शेतातील पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. म्हणून त्यांची माहिती येथे देण्याचे योजिले आहे.

विरघळलेला पदार्थ किती वेगाने सरकतो?

स्वच्छ, स्थिर पाण्यात मिठाचा खडा टाकला तर पाणी न ढवळताही मीठ हळूहळू सर्वत्र पसरते. या क्रियेस विसरण म्हणतात. पदार्थ जास्त तीव्रतेकडून कमी तीव्रतेकडे जातो आणि उतार जितका तीव्र तितका तो जलद जातो, हा नियम जर्मन शास्त्रज्ञ ॲडॉल्फ फिक यांनी १८५५ साली मांडला. या नियमातून निघणारी एक गोष्ट व्यवहारात फार महत्त्वाची आहे. अंतर दुप्पट झाले तर लागणारा वेळ दुप्पट न होता चौपट होतो. अंतर दहापट झाले तर वेळ शंभरपट होतो.

साध्या क्षाराचा विचार केल्यास स्थिर पाण्यात त्यास सरकण्यास लागणारा वेळ ढोबळमानाने असा येतो: एक मिलिमीटरचा दहावा भाग जाण्यास सुमारे ५ सेकंद, १ मिलिमीटर जाण्यास सुमारे ८ मिनिटे, १ सेंटिमीटर जाण्यास सुमारे १४ तास, आणि १० सेंटिमीटर जाण्यास जवळजवळ दोन महिने. हे झाले निव्वळ पाण्यातील गणित. जमिनीत पाण्याची वाट कणाकणांतून वळणे घेत जाते, त्यामुळे वेळ आणखी वाढतो. स्फुरदासारखे अन्नद्रव्य तर मातीच्या कणांना चिकटून बसते, म्हणून ते संपूर्ण हंगामात काही मिलिमीटरच सरकते. नत्राचे नायट्रेट रूप मातीस चिकटत नाही. ते पाण्याबरोबर वाहत जाते.

या आकड्यांवरून दोन निष्कर्ष निघतात. केसाएवढ्या अंतरावर विसरण हे अत्यंत कार्यक्षम साधन आहे. परंतु वितीभर अंतरावर ते जवळजवळ निरुपयोगी असून तेथे पदार्थ नेण्याचे काम वाहत्या पाण्यासच करावे लागते. पुढील सर्व विवेचन या दोन निष्कर्षांवर उभे आहे.

केसाएवढे पाट

ज्या साधनांविषयी येथे लिहावयाचे आहे ती दिसण्यास काचेच्या लहान पट्टीएवढी असतात. तीवर पारदर्शक सिलिकॉन रबराचा एक तुकडा चिकटविलेला असतो आणि त्या रबराच्या खालच्या अंगास अतिशय बारीक पाट कोरल्यासारखे असतात. या पाटांची रुंदी बहुधा मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास, म्हणजे जाड केसाएवढी असते. वास्तविक हे पाट कोरीत नाहीत. प्रथम प्रकाशाच्या साहाय्याने त्यांचा उठावदार ठसा तयार करतात, त्यावर पातळ सिलिकॉन ओततात, भट्टीत ठेवून ते घट्ट करतात आणि खरवस वडीच्या ताटातून निघावा तसा तो रबराचा तुकडा ठशावरून सोडवून घेतात. नंतर त्यास भोके पाडून काचेवर बसवितात. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या प्रयोगशाळेने १९९८ साली ही पद्धत सुलभ करून मांडली आणि त्यानंतर जगभर तिचा प्रसार झाला.

एवढ्या बारीक पाटात पाणी कसे वाहते हे पाहण्यासारखे आहे. शेतातील पाटात दोन बाजूंनी पाणी येऊन मिळाले, एक गढूळ व एक स्वच्छ, तर दहा पावलांत दोन्ही एकजीव होतात. कारण त्या पाण्यात भोवरे असतात व ते पाणी ढवळून काढतात. केसाएवढ्या पाटात भोवरे उठतच नाहीत. तांबडे व निळे अशी दोन पाणी एका तोंडाशी आणून सोडली तर ती शेजारी शेजारी, गाडीच्या दोन चाकोऱ्यांप्रमाणे, आपापल्या बाजूने वाहत राहतात. अशा प्रवाहास स्तरीय प्रवाह म्हणतात.

प्रवाह शांत राहील की त्यात भोवरे उठतील, हे कशावर अवलंबून असते याचा शोध इंग्लंडमधील मँचेस्टर येथे ऑसबर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ साली काचेच्या नळीत रंगाची धार सोडून घेतला. पाण्याचा वेग, वाटेची रुंदी व पाण्याचा दाटपणा यांवरून एक अंक काढता येतो. नळीत हा अंक सुमारे २,००० च्या खाली असेल तर प्रवाह शांत राहतो. शेतातील पाटात हा अंक हजारोंच्या घरात जातो. दशांश मिलिमीटर रुंदीच्या पाटात पाणी सेकंदास एक मिलिमीटर वेगाने वाहत असेल, तर हा अंक अवघा ०.१ भरतो. म्हणजे भोवऱ्यांचा प्रश्नच उरत नाही. तेथे दोन द्रावणे एकमेकांत मिसळण्याचा एकच मार्ग राहतो. तो म्हणजे विसरण. आणि विसरण गणिताने चालते. त्यामुळे किती अंतरावर किती मिसळेल हे आधीच ठरविता येते. या साधनांचे सारे सामर्थ्य एवढ्या एका गोष्टीत आहे.

उतार कसा बांधतात?

हार्वर्ड येथील याच प्रयोगशाळेने २००० साली प्रसिद्ध केलेली रचना आता सर्वमान्य झाली आहे. ती समजण्यास कालव्यावरील पाणीवाटपाची माहिती पुरेशी आहे. एका बाजूने खताचे द्रावण व दुसऱ्या बाजूने निव्वळ पाणी असे दोनच प्रवाह आत सोडतात. द्रावणाची तीव्रता १०० आणि पाण्याची ० धरू. पुढे त्यांना फाटे फुटून तीन पाट होतात. डाव्या पाटात केवळ द्रावण, उजव्या पाटात केवळ पाणी आणि मधल्या पाटात दोन्ही निम्मे निम्मे जातात. म्हणून तीन पाटांची तीव्रता १००, ५० व ० होते.

या तीन पाटांना पुन्हा फाटे फुटून चार पाट होतात. येथे मधल्या पाटांना मिळणारे वाटे सारखे नसतात. दुसऱ्या पाटात १०० तीव्रतेचा एक वाटा व ५० तीव्रतेचे दोन वाटे येतात. त्यांची सरासरी ६७ भरते. त्याचप्रमाणे तिसऱ्या पाटात ३३ भरते. चार पाट झाले १००, ६७, ३३ व ०. पुढील पायरीस पाच पाट होतात: १००, ७५, ५०, २५ व ०. अशा पायऱ्या हव्या तितक्या वाढविता येतात. शेवटी हे सारे पाट एका रुंद पाटात शेजारी शेजारी सोडले की त्या पाटाच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत तीव्रतेचा सरळ उतार तयार होतो. वाटेत प्रत्येक पाट नागमोडी ठेवलेला असतो. सेकंदास एक मिलिमीटर वेगाने जाणाऱ्या पाण्यास दशांश मिलिमीटर रुंदीत पूर्ण मिसळण्यासाठी पाच ते दहा मिलिमीटर लांबीची वाट हवी असते. ती थोड्या जागेत मिळावी म्हणून ही वळणे.

हा उतार ताब्यात ठेवण्यास कारागिराजवळ तीन किल्ल्या असतात. पहिली किल्ली वेगाची. वेग वाढविला तर मिसळण्यास वेळ कमी मिळतो व उतार तुटक, पायऱ्यापायऱ्यांचा राहतो. वेग कमी केला तर तो नितळ होतो. दुसरी किल्ली पाटाच्या लांबीरुंदीची. रुंदी दुप्पट केली तर फिक यांच्या नियमाप्रमाणे वेळ चौपट द्यावा लागतो. तिसरी किल्ली म्हणजे आत सोडलेल्या दोन प्रवाहांचे प्रमाण. एका बाजूचा जोर वाढविला की उतार दुसऱ्या बाजूस सरकतो.

पाणी वाहते न ठेवताही उतार राखता येतो. दोन वाहत्या पाटांच्या मध्ये अगर, म्हणजे समुद्रशैवलापासून मिळणारा खळीसारखा पदार्थ, भरतात. एका पाटात द्रावण, दुसऱ्यात स्वच्छ पाणी. द्रावण अगरमधून विसरणाने सरकते व पलीकडचे पाणी ते सतत वाहून नेते. काही वेळाने मधल्या भागात स्थिर उतार निर्माण होतो. त्यात पाण्याचा धक्का नसल्याने नाजूक जीव वाहून जात नाहीत. मात्र हा उतार तयार होण्यास वेळ लागतो. अगरची जाडी जितकी अधिक तितका हा वेळ फार वाढतो.

या साधनांच्या अडचणीही आपल्या परिचयाच्या आहेत. हवेचा एक बुडबुडा अडकला की संपूर्ण पाट बंद पडतो. द्रावणात बारीक कण असले की तोंड तुंबते; म्हणून ते अतिसूक्ष्म गाळणीतून गाळून घ्यावे लागते. पंपाने दाब कमीजास्त दिला की उतार डोलू लागतो. पंप थांबला की वाहत्या पाण्यावर उभा असलेला उतार काही क्षणांत मोडतो. ठिबक संच चालविणाऱ्या शेतकऱ्यास यातील एकही तक्रार नवी वाटणार नाही.

मुळे व जिवाणू यांच्याविषयी काय कळले?

सूक्ष्म जीव तीव्रतेचा उतार ओळखतात, हे जुने ज्ञान आहे. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म फेफर यांनी १८८४ साली बारीक काचनळीत मॅलिक आम्ल भरून ती पाण्यात धरली, तेव्हा नेच्याच्या नरपेशी तिच्याकडे पोहत आल्या. जिवाणूही साखर व अमिनो आम्लांच्या दिशेने जातात, हे अमेरिकेतील ज्युलियस ॲडलर यांनी १९६० नंतरच्या दशकात काचनळीच्याच पद्धतीने मोजून दाखविले. परंतु काचनळीच्या तोंडाशी असलेला उतार घटकेघटकेस बदलत असे. केसाएवढ्या पाटांमुळे तो हवा तितका वेळ स्थिर ठेवणे शक्य झाले. २००३ साली टेक्सास येथील संशोधकांनी अशा साधनात दाखविले की जिवाणू फारच अल्प तीव्रतेचा फरकही ओळखून त्या बाजूस वळतात.

पुढे या साधनांत रोपांची मुळे वाढविण्यात आली. २०११ साली अमेरिकेतील कार्नेगी संस्थेच्या संशोधकांनी मोहरीच्या कुळातील ॲरॅबिडॉप्सिस या लहान रोपाची मुळे अशा पाटांत वाढवून, द्रावण बदलताच मुळाच्या आत काय घडते हे सूक्ष्मदर्शकातून पाहिले. २०१७ साली इस्रायलमधील संशोधकांनी याच रोपाच्या मुळाजवळ बॅसिलस सबटिलिस हे जिवाणू सोडले. ते मुळावर कोठेही न बसता, मूळ ज्या भागात लांबते त्या भागाकडे धावले आणि पहिल्या सहा तासांत तेथे त्यांनी वस्ती केली. मुळातून झिरपणाऱ्या पदार्थांचा उतार त्यांना वाट दाखवितो.

शेतीच्या दृष्टीने सर्वांत बोलका प्रयोग २०१८ साली जर्मनी व स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी प्रसिद्ध केला. एकाच मुळाच्या डाव्या व उजव्या अंगांवरून त्यांनी दोन निराळी द्रावणे वाहविली. एका बाजूस भरपूर स्फुरद व दुसऱ्या बाजूस अत्यल्प. ज्या बाजूस स्फुरद कमी त्या बाजूची केशमुळे खुंटलेली राहिली. तेथील स्फुरद वाढविताच केशमुळांची वाढ झपाट्याने होऊ लागली. म्हणजे एकाच मुळाच्या दोन बाजू आपापल्या शेजारची स्थिती पाहून निरनिराळ्या वागतात.

याच्याशी जुळणारी दोन निरीक्षणे मोठ्या रोपांवरची आहेत. इंग्लंडमधील माल्कम ड्रू यांनी १९७५ साली दाखविले की बार्लीच्या मुळाच्या ज्या टप्प्यात नत्र किंवा स्फुरद अधिक दिले त्या टप्प्यात उपमुळांची दाटी झाली; पालाशामुळे मात्र तशी झाली नाही. २०१३ साली नेदरलँड्समधील संशोधकांनी ॲरॅबिडॉप्सिस, टोमॅटो व ज्वारी यांच्या रोपांना मिठाचा उतार दिला असता मुळे खाली जाण्याचे सोडून मिठापासून दूर वळली. मूळ हे नुसते पाणी शोषणारे नळकांडे नसून ते उतार वाचणारे इंद्रिय आहे, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. काचपट्टीवरील निष्कर्ष ही खताची शिफारस नव्हे. ॲरॅबिडॉप्सिस म्हणजे ऊस नव्हे आणि सिलिकॉनचा पाट म्हणजे काळी जमीन नव्हे. शिफारस शेतावरील चाचण्यांवरूनच ठरते. परंतु चाचण्यांत जे दिसते ते का घडते, हे सांगण्यास ही साधने उपयोगी पडतात.

शेतातील उतार कसा राखावा?

१) पेरणीचे खत: स्फुरद आपल्या जागेवरून फारसे हलत नाही. तो शेतभर फेकून दिला तर मुळापाशी उतार तयारच होत नाही व बराचसा भाग मातीशी बांधला जातो. म्हणून तो ओळीत, बियाण्याच्या बाजूस व खाली सुमारे ५ सेंटिमीटर अंतरावर पडावा. दोन चाड्यांच्या पाभरीने हे काम उत्तम होते. बियाणे व खत एकाच चाड्यात मिसळू नये. विशेषतः युरिया बियाण्यास लागून पडला तर त्यातून सुटणारा अमोनिया कोंब मारतो. चार बोटांचे हे अंतर म्हणजे तीव्र द्रावण सौम्य होत कोंबापर्यंत पोचावे म्हणून राखलेला उतारच होय.

२) सरी-वरंब्यावरील क्षार: सरीतील पाणी वरंब्यात चढते व वरंब्याच्या माथ्यावर त्याची वाफ होते. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. म्हणून खारवट जमिनीत पांढरा थर प्रथम माथ्यावर दिसतो. अशा जमिनीत बियाणे किंवा रोप माथ्यावर न लावता वरंब्याच्या उतारावर, पाण्याच्या रेषेच्या किंचित वर लावावे. कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्यात, जेथे अतिपाण्याने व निचऱ्याअभावी जमिनी क्षारपड झाल्या आहेत, तेथे हे तात्पुरते साहाय्य आहे. मूळ उपाय चर किंवा भूमिगत निचरा हाच होय.

३) ठिबकखालील क्षार: ठिबकाखाली पाणी कांद्याच्या आकाराने पसरते. ते आपल्याबरोबर क्षार बाहेर ढकलीत नेते व ओल्या भागाच्या कडेस गोळा करते. मधला भाग गोड राहतो व मुळे तेथे सुखाने वाढतात. परंतु संच बंद असताना हलका पाऊस पडला तर कडेवरील व पृष्ठभागावरील हेच क्षार धुऊन मुळांपाशी येतात. याकरिता क्षारयुक्त पाणी वापरणाऱ्यांनी पहिल्या हलक्या पावसात ठिबक चालू ठेवावे. पाऊस पडत असता पाणी सोडणे अनेकांस विचित्र वाटते. परंतु बाहेरच्या दिशेने वाहणारे पाणी थांबले की कडेचे क्षार आत येण्यास मोकळे होतात, हे येथे विसरू नये. जोराचा पाऊस होऊन जमीन खोलवर भिजल्यावर क्षार खाली जातात व मग संच बंद करण्यास हरकत नाही.

४) ठिबकातून खत: काचपट्टीवरील कारागीर वेगाच्या किल्लीने तीव्रता राखतो, तसेच येथेही करावयाचे असते. एक एकरात दीड मीटर अंतरावर नळ्या, ४० सेंटिमीटर अंतरावर तोट्या व प्रत्येक तोटीतून ताशी २ लिटर पाणी असे धरले, तर सुमारे ६,६०० तोट्यांतून ताशी १३,२०० लिटर पाणी पडते. १० किलो खत अर्ध्या तासात सोडले तर ते ६,६०० लिटर पाण्यात मिसळून दर लिटरला दीड ग्रॅम होते. तेच खत घाईने दहा मिनिटांत सोडले तर पाणी २,२०० लिटरच मिळते व तीव्रता दर लिटरला साडेचार ग्रॅम होते. खत तेच, खर्च तोच. परंतु मुळास तिप्पट तीव्र द्रावण मिळाले.

प्रथम निव्वळ पाणी सोडून संचातील दाब सारखा करावा, मग खत सोडावे आणि शेवटी खत शेवटच्या तोटीतून बाहेर पडून नळ्या धुतल्या जाईपर्यंत पुन्हा निव्वळ पाणी सोडावे. नायट्रेटयुक्त खत आरंभीच देऊन नंतर तासन् तास पाणी चालू ठेवल्यास नायट्रेट मुळांच्या खाली निघून जाते. कॅल्शियमचे खत स्फुरदाच्या किंवा गंधकाच्या खतात मिसळू नये; त्यांचा साका बसून तोट्या तुंबतात. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: विद्युतवाहकता मोजणारे यंत्र युरिया दाखवीत नाही, म्हणून केवळ त्या यंत्रावर भिस्त ठेवून युरियाचे प्रमाण ठरवू नये.

पिकांची सहनशीलता

क्षार वाढले म्हणजे पाणी असूनही मुळास ते ओढून घेणे जड जाते. कोणते पीक किती क्षारांपर्यंत उत्पन्नात घट न होता टिकते याचे आकडे अमेरिकेतील मास व हॉफमन यांनी १९७७ साली संकलित केले. जमिनीच्या संपृक्त अर्काची विद्युतवाहकता मीटरला डेसिसायमेनमध्ये मोजली असता ही मर्यादा घेवड्यास १.०, कांद्यास १.२, उसास १.७, गव्हास ६.० व कापसास ७.७ अशी आहे. ही मर्यादा ओलांडली म्हणजे उत्पन्न घटू लागते. ४.० च्या वर असलेली जमीन सामान्यतः खारवट गणली जाते. म्हणजे जमीन खारवट ठरण्याच्या कितीतरी आधी कांदा व ऊस तोटा सोसू लागतात. माती तपासणीच्या अहवालातील आकडा एकास अडीच प्रमाणात पाणी मिसळून काढलेला असेल तर त्याची वरील आकड्यांशी सरळ तुलना करू नये. प्रयोगशाळेकडून अर्थ समजून घ्यावा.

गावात करता येणारा प्रयोग

अदृश्य उतार डोळ्यांस दाखविण्यासाठी महागड्या काचपट्टीची जरूर नाही. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांच्या सभेत किंवा शाळेत पुढील प्रयोग अवश्य करून दाखवावा.

एक लिटर गोड्या पाण्यात १० ग्रॅम मीठ विरघळवावे. सहा वाट्या ओळीने मांडाव्यात. पहिलीत १० चमचे मिठाचे पाणी. दुसरीत ८ चमचे मिठाचे व २ चमचे गोडे. तिसरीत ६ व ४. चौथीत ४ व ६. पाचवीत २ व ८. सहावीत १० चमचे गोडे पाणी घ्यावे. हार्वर्डच्या साधनातील पाटांप्रमाणे येथे १००, ८०, ६०, ४०, २० व ० असा उतार तयार झाला. सातव्या वाटीत आपल्या विहिरीचे पाणी घ्यावे. सात बश्यांत सुती कापडाच्या घड्या ठेवून एकेका पाण्याने त्या भिजवाव्यात, प्रत्येकीवर एकाच जातीचे २० दाणे मांडावेत व बश्या झाकून सावलीत ठेवाव्यात. कापड सुकू देऊ नये. सुकले तर मीठ तीव्र होते व प्रयोग फसतो. तिसऱ्या व पाचव्या दिवशी उगवलेले दाणे मोजून कोंबांची लांबी लिहून ठेवावी.

ओळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे जाताना उगवण कशी बदलते हे सर्वांना स्पष्ट दिसेल. विहिरीच्या पाण्यातील रोपे कोणत्या वाटीतील रोपांशी जुळतात हेही ताडून पाहावे. ज्वारी, मूग व कांदा यांच्यावर हाच प्रयोग केला तर पिकापिकांतील फरक कळेल. अर्थात विहिरीच्या पाण्यात केवळ साधे मीठ नसते आणि उगवण म्हणजे संपूर्ण हंगाम नव्हे. म्हणून हा प्रयोग पाणी तपासणीची जागा घेऊ शकत नाही. परंतु पाणी तपासून घेण्याची निकड पटवून देण्यास त्याहून चांगले साधन नाही.

उपसंहार

केसाएवढ्या पाटात काम करणारा शास्त्रज्ञ आणि शेतात दारे धरणारा शेतकरी यांचे काम तत्त्वतः एकच आहे. पाणी किती, कोठून, किती वेगाने व किती वेळ सोडावयाचे हे दोघेही ठरवितात आणि त्यावरून मुळापाशी काय पोचेल हे ठरते. शास्त्रज्ञास उतार डोळ्यांनी दिसतो, शेतकऱ्यास तो दिसत नाही. म्हणून त्याने माती व पाणी यांची तपासणी, खत देण्याची जागा व वेळ आणि निचरा या गोष्टींकडे अधिक काटेकोरपणे पाहावयास हवे. येत्या हंगामापूर्वी प्रत्येक गावात निदान एकदा सात वाट्यांचा प्रयोग व्हावा, क्षारयुक्त विहिरींच्या पाण्याचे नमुने तपासणीस जावेत आणि ठिबकातून खत देणाऱ्या प्रत्येकाने आपल्या संचाचे लिटरचे गणित एकदा कागदावर मांडावे. एवढे झाले तरी कांद्याच्या व उसाच्या पुष्कळ शेतांत आज नकळत होणारे नुकसान टळेल.